चाकांवरचा हात : सीएनसी मशीनला जॉब लावणारा रोबोट नेमकं काय करतो?

कारखान्यातल्या रोबोटचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्याच फोनवर येऊन पडतात. त्यातलं एक दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. चाकांच्या गाड्यावर बसवलेला एक यांत्रिक हात मशीनसमोर उभा आहे. मशीनचा दरवाजा सरकतो, हात आत जातो, तयार झालेला धातूचा तुकडा काढतो, नवा लावतो, बाहेर येतो आणि दरवाजा बंद होतो. दुपारी तोच गाडा दुसऱ्या मशीनसमोर दिसतो.

हे पाहून दोन प्रश्न हमखास पडतात. एक, ऑपरेटरचं काय होणार? दुसरा थोडा गमतीचा आहे : सीएनसी मशीन तर आधीपासून आपोआप चालतं, मग त्याच्यासमोर आणखी एक आपोआप चालणारी वस्तू कशाला? आधी हा दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचं सोपं होतं.

आपोआप चालणारं मशीन कुठे अडतं?

सीएनसी म्हणजे आकड्यांत लिहिलेल्या प्रोग्रामनुसार धातू कापणारं मशीन. टूल किती सरकवायचं, स्पिंडल (टूल किंवा जॉब फिरवणारा मुख्य दांडा) किती वेगाने फिरवायचा, हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. या कल्पनेचं पहिलं मोठं प्रात्यक्षिक अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली झालं. तेव्हा आकडे भोकं पाडलेल्या कागदी फितीवर असत. पुढे फीत गेली, कॉम्प्युटर आला, मशीन स्वतःच टूल बदलू लागलं. पण कच्चा तुकडा, ज्याला सगळे ‘जॉब’ म्हणतात, तो मशीनमध्ये लावायला आणि काढायला बहुतेक ठिकाणी माणूसच उभा राहिला.

घरचं कपडे धुण्याचं मशीन आठवा. ते पाणी घेतं, धुतं, पिळतं, सगळं स्वतः करतं. पण धुऊन झाल्यावर कपडे कुणी काढलेच नाहीत, तर तीन तास ते तसंच बसून राहतं. दुसरा घाणा लागत नाही. सीएनसीचं दुखणं हेच आहे, फक्त मशीन कितीतरी महाग आहे.

ऑपरेटर काय करतो ते पाहा. दरवाजा उघडतो, चक सोडतो (चक म्हणजे जॉब पकडणारा जबडा), तयार जॉब काढतो, हवा मारून आतली चिप, म्हणजे कापताना निघालेला धातूचा कीस, उडवतो, नवा जॉब बसवतो, चक आवळतो, दरवाजा लावतो, हिरवं बटण दाबतो. सराव असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. मग मशीन पाच मिनिटं कापत राहतं आणि माणूस रिकामा. तेवढ्यात तो शेजारच्या मशीनवर गेला की इकडचा जॉब संपतो आणि हे मशीन त्याची वाट पाहत बसतं. कधी एक मिनिट, कधी दहा. पाळी संपल्यावर तर रात्रभर.

थोडक्यात, रोबोट मशीनच्या कापण्यात काहीच भर घालत नाही. तो दोन कापण्यांमधली पोकळी भरतो.

हे काम नवंही नाही. जगातला पहिला औद्योगिक रोबोट, ‘युनिमेट’, १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला. त्याचं काम काय होतं? डाय-कास्टिंग मशीनमधून (वितळलेला धातू साच्यात दाबून भरणारं मशीन) निघालेले तापलेले तुकडे बाहेर काढायचे. म्हणजे रोबोट जन्माला आला तोच मुळी मशीनसमोर उभं राहण्यासाठी.

मग हात जमिनीला पक्का का करत नाहीत?

करतात की. एकाच प्रकारचे लाखो जॉब काढायचे असतील तर हात मशीनसमोर बोल्टने घट्ट बसवायचा, भोवती कुंपण घालायचं, विषय संपला. त्यापेक्षा चांगलं काही नाही.

पण बरेचसे कारखाने तसे चालत नाहीत. आज एका मशीनवर दोनशे फ्लँज, परवा दुसऱ्यावर साठ ब्रॅकेट, मधले चार दिवस पहिलं मशीन रिकामं. अशा ठिकाणी पक्का केलेला हात आठवड्यातले निम्मे दिवस शोभेचा होतो. शिवाय तो नेमका मशीनच्या दरवाजासमोर उभा असतो. एखाद्या अवघड जॉबचं सेटिंग करायला माणसाला आत डोकावायचं असेल तर त्याला रोबोटच्या बगलेतून वाकावं लागतं. ‘हात बाजूला करता येतो’ हा फायदा माहितीपत्रकांत शेवटी छापलेला असतो, पण सेटिंग करणाऱ्याला विचाराल तर तो पहिला सांगेल.

हात हलता ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. दोन-तीन मशीनसमोर रूळ टाकून हात त्यावर सरकवायचा. गाड्यावर बसवून माणसाने ढकलत न्यायचा. किंवा स्वतःची वाट शोधत चालणाऱ्या गाड्यावर बसवायचा. व्हिडिओत तिसरा जास्त दिसतो, कारण तो पाहायला छान वाटतो.

गाड्यावरचा हात शक्य झाला तो हलक्या हातांमुळे. जुने औद्योगिक रोबोट शेकडो किलोंचे, त्यांना पायाच लागायचा. २००५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीने २००८ मध्ये आपला पहिला हलका हात विकला. पाच किलो उचलणारा, स्वतःचं वजन वीस किलोंच्या आत. माणसाला धक्का लागला तर थांबणाऱ्या अशा हातांना ‘कोबॉट’, म्हणजे सहकारी रोबोट, म्हणतात. या शब्दाची एक गंमत पुढे येईलच.

आंधळा हात आणि सरकलेला पलंग

आता मुद्द्याचं. बहुतेकांना वाटतं की अवघड गोष्ट म्हणजे हात. खरं तर हात आज तयार मिळतो. अवघड आहे ते त्या हाताला ‘मी नेमका कुठे उभा आहे’ हे कळणं.

अंधारात झोपेतून उठून तुम्ही दिव्याचं बटण बरोबर दाबता. डोळ्यांना काही दिसत नसतं. हाताला सवय असते. पण दिवसा कुणी पलंग फूटभर सरकवला असेल, तर रात्री तोच हात भिंतीवर आपटतो. रोबोटचा हात असाच आहे. त्याला शिकवलेला प्रत्येक बिंदू त्याच्या स्वतःच्या बैठकीपासून मोजलेला असतो. बैठक हलली नाही तर तो शिकवलेल्या जागी पुन्हापुन्हा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरच्या फरकाने पोहोचतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. बैठक हलली तर हाच काटेकोरपणा उलटतो. तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जातो.

आणि चूक किती होईल? गाडा सरळ रेषेत दोन मिलिमीटर इकडे-तिकडे थांबला तर चूकही दोन मिलिमीटर. पण गाडा किंचित तिरका थांबला तर? एक अंशाचा तिरकेपणा एक मीटर लांब पसरलेल्या हाताच्या टोकाशी जवळजवळ साडेसतरा मिलिमीटर होतो. एक दशांश अंश, जो डोळ्याला दिसणारही नाही, तो पावणेदोन मिलिमीटर. चकचे जबडे उघडतात तेवढी फट अनेकदा याहून फार मोठी नसते. स्वतः चालणारा गाडा त्याच्या नकाशावरून थांबतो तेव्हा सेंटिमीटरच्या आसपासची चूक अगदी नेहमीची. म्हणून तो नुसता येऊन उभा राहिला आणि हात कामाला लागला, असं होत नाही.

यावर पहिला उपाय दीडशे वर्षांहून जुन्या विचारातला आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही. कारण तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच. चौथा आला की भांडण सुरू. हाच विचार पुढे न्या. गाड्याच्या खाली तीन पोलादी गोळे बसवा आणि जमिनीला पक्क्या केलेल्या पट्टीवर व्ही आकाराच्या तीन खाचा, तिघींची तोंडं मध्याकडे वळलेली. प्रत्येक गोळा आपल्या खाचेच्या दोन भिंतींना टेकतो. तीन गोळे, एकूण सहा स्पर्श. कुठलीही वस्तू हलू शकते सहाच प्रकारे : पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, आणि या तीन दिशांभोवती फिरणं. सहा स्पर्शांनी सहा हालचाली बंद. एकही स्पर्श जास्त नाही, त्यामुळे ताण नाही. एकही कमी नाही, त्यामुळे ढिलाई नाही. गाडा काढा, परत ठेवा, तो त्याच जागी येऊन बसतो. या रचनेशी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचं नाव जोडलेलं आहे. तेच, वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणारे.

यात एक अट आहे. गाड्याचा भार गोळ्यांवर यायला हवा, चाकांवर नाही. चाकं जमिनीला टेकलेली राहिली तर तिपाईला पुन्हा चौथा पाय फुटला. म्हणून चांगल्या गाड्यात जागेवर आल्यावर एक लिव्हर दाबला की चाकं अधांतरी होतात. या जागेवर बसण्याला ‘डॉकिंग’ म्हणतात. प्रत्येक मशीनसमोर खाचांची अशी एक पट्टी कायमची ठेवायची आणि गाडा एकच.

दुसरा उपाय नजरेचा. मशीनवर चौकटींची छापील खूण चिकटवायची, हाताच्या मनगटावर कॅमेरा बसवायचा. गाडा थांबला की हात आधी खूण पाहतो, ती अपेक्षेपेक्षा किती सरकलेली आणि वळलेली दिसते ते मोजतो आणि शिकवलेले सगळे बिंदू तेवढेच सरकवून घेतो. बिंदू आता गाड्यापासून मोजलेले नसतात, मशीनपासून असतात. ‘माझ्या पलंगापासून चार पावलं’ असं न शिकवता ‘दाराच्या चौकटीपासून एक वीत’ असं शिकवायचं. मग पलंग कुठेही सरको.

पण कॅमेराही चुकतो, आणि त्याची कोनातली चूकही अंतरासोबत वाढते. म्हणून खूण चकपासून लांब, मशीनच्या पत्र्याच्या कोपऱ्यात लावून उपयोग नाही. ती जिथे काम आहे तिथे जवळ हवी, किंवा एकमेकींपासून लांब अशा दोन-तीन हव्यात. माझं मत विचाराल तर माणसाने ढकलायच्या गाड्याला आधी लोखंडी खाचा, मग हवा असेल तर कॅमेरा. खाचेवर कूलंटचे (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचे) शिंतोडे उडाले तरी तिला दिसायचं बंद होत नाही. चिप मात्र अडकू शकते, तेव्हा ती पुसायचं फडकं तिथेच अडकवलेलं बरं.

“धरलंस?” “धरलं.” “सोडू?” “सोड.”

दोन माणसं जड कपाट उचलून देत-घेत असतात तेव्हा त्यांचं बोलणं ऐका. पहिला विचारल्याशिवाय सोडत नाही, दुसरा पकड बसल्याशिवाय ‘सोड’ म्हणत नाही. मधला एक क्षण असा असतो की कपाट दोघांनीही धरलेलं असतं. रोबोट आणि मशीन यांच्यात हेच संभाषण विजेच्या छोट्या इशाऱ्यांनी, बहुतेकदा २४ व्होल्टच्या तारांमधून, होतं.

इथे नवखे लोक एक चूक करतात. ‘चक आवळ’ असा आदेश देतात, एक सेकंद थांबतात आणि हात मागे घेतात. पण आदेश दिला म्हणजे काम झालं असं नाही. हवेचा दाब कमी असेल, जबड्यात चिप अडकली असेल. चकच्या बाजूने ‘आवळला’ असा स्विचचा उलट निरोप आल्याशिवाय हाताने जॉब सोडता कामा नये. दरवाजाचंही तेच. ‘उघड’ म्हणणं वेगळं, ‘पूर्ण उघडला’ हे कळणं वेगळं. अर्धवट उघडलेल्या दरवाजात घुसलेला हात दोघांचंही नुकसान करतो.

जुन्या मशीनला अशा तारा जोडायची सोय नसते. मग लोक काय करतात? दरवाजाला हवेचा सिलिंडर लावतात आणि रोबोटच्या बोटाने चक्क हिरवं बटण दाबायला लावतात. चालतं ते. पण मशीनने ऐकलं की नाही हे रोबोटला कळत नाही, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत अलार्म पेटलेला असताना तो शांतपणे बटण दाबत बसतो. दाखवायला ठीक, रात्री एकटं सोडायला नाही.

हलत्या गाड्याची आणखी एक खास अडचण. आणीबाणीचं लाल बटण मशीनवरचं दाबा की हातावरचं, दोन्ही थांबलीच पाहिजेत, म्हणून दोघांची सर्किटं एकमेकांत गुंफलेली असतात. पण गाडा बाजूला नेला, प्लग काढला, की ते सर्किट तुटतं आणि मशीन सुरूच होत नाही. त्यासाठी गाडा नसताना लावायचा वेगळा प्लग किंवा तो आलाय की गेलाय हे ओळखणारी खात्रीची व्यवस्था पहिल्या दिवसापासून लागते. ती नसेल तर महिनाभरात कुणीतरी तिथे तारेचा तुकडा जोडून ‘काम भागवतो’, आणि लाल बटण नुसतं शोभेला उरतं.

रात्रभर चालेल ना?

हा प्रश्न रोबोटला विचारू नका, ट्रेला विचारा.

हाताशेजारी कच्चे जॉब मांडलेला ट्रे असतो. समजा त्यात साठ जॉब मावतात. प्रत्येक जॉबला कापायला पाच मिनिटं आणि अदलाबदलीला अर्धं मिनिट. साठ जॉब म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. पाळी संपताना भरलेला ट्रे मध्यरात्रीपर्यंत किंवा त्याही पुढे पुरेल. आता कापायला एकच मिनिट लागणारा जॉब घ्या. तोच हात, तोच ट्रे, पण दीड तासात सगळं संपलं. हात कितीही दमदार असो, समोर कच्चा माल नसेल तर तोही हातावर हात ठेवूनच बसणार.

अदलाबदल लवकर व्हावी म्हणून मनगटाला दोन ग्रिपर लावतात. ग्रिपर म्हणजे पकडणारी बोटं. एका ग्रिपरमध्ये नवा जॉब घेऊनच हात आत जातो, दुसऱ्याने तयार जॉब काढतो, मनगट फिरवतो, नवा बसवतो. एकाच फेरीत दोन्ही कामं. पण वजनाचा हिशेब इथे फसतो. ‘दहा किलोंचा हात’ म्हणजे दहा किलोंचा जॉब नव्हे. दोन ग्रिपरचं वजन तीन किलो गेलं, उरले सात. आणि एक क्षण असा येतो की कच्चा आणि तयार दोन्ही जॉब हातातच असतात. म्हणजे एकेक जॉब साधारण साडेतीन किलोंचा. त्यातही जॉब मनगटापासून जितका लांब, तितका भार जास्त जाणवतो. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, लगेच कळेल.

रात्रीचा खरा शत्रू मात्र चिप आहे. माणूस जॉब लावण्याआधी फडकं फिरवतो, अंगठ्याने जबडा चाचपतो, आणि आपण हे करतो हे त्याला ठाऊकही नसतं. रोबोट ते करत नाही. जॉबखाली एक बारीक चिप राहिली की जॉब तिरका बसतो आणि पुढची सगळी कटिंग तिरकी. म्हणून प्रोग्राममध्ये हवेचा झोत लिहावा लागतो, आणि काही फिक्श्चरमध्ये (जॉब बसवायच्या साच्यात) जॉब नीट टेकला का हे हवेच्या दाबावरून तपासणारी बारीक भोकं ठेवतात. लांब, गुंतणारी चिप तर त्याहून वाईट. ती टूलभोवती घरट्यासारखी गुंडाळली जाते, माणूस असता तर हुक घालून ओढली असती. कापण्याचा वेग, खोली आणि टूलची टीप बदलून चिप तुटक येईल असं आधी बसवून घ्यावं लागतं. ते होत नसेल तर त्या जॉबवर रोबोट लावायची घाई करू नये.

कोबॉट आहे, म्हणजे कुंपण नको?

ही आली ती शब्दाची गंमत. हात धक्का लागल्यावर थांबतो हे खरं. पण त्या हातात धारदार कडांचा, ताजा कापलेला जॉब असेल तर? हलका धक्काही बोट कापेल. हात सुरक्षित असून उपयोग नाही, हातात काय आहे आणि भोवती काय चाललंय ते मिळून सुरक्षित असावं लागतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या दस्तऐवजात शरीराच्या कुठल्या भागाला किती जोराचा धक्का चालेल याच्या मर्यादा दिल्या. २०२५ मध्ये आयएसओ १०२१८ हे रोबोट सुरक्षेचं मुख्य मानक नव्याने आलं, तेव्हा भर ‘सहकारी रोबोट’ या शब्दावरून ‘सहकारी वापर’ यावर सरकला. हे मला अगदी योग्य वाटतं.

व्यवहारात बरेच जण जमिनीलगत लेझर स्कॅनर लावतात. माणूस जवळ आला की हात मंदावतो, आणखी जवळ आला की थांबतो, दूर गेला की पुन्हा वेग घेतो. आणि गाडा हलवताना हात घडी घालून आत घेतलेला हवा. पूर्ण लांब केलेल्या हातात वजन आणि खाली अरुंद गाडा, हे उलटण्याचं आमंत्रण आहे.

आणि ऑपरेटर?

‘कुणाचीच नोकरी जाणार नाही’ असं गोड बोलणं प्रामाणिक नाही. दिवसभर फक्त जॉब लावणं-काढणं हेच ज्याचं काम आहे, ते काम कमी होणार. दर मशीनमागे लागणारे हात घटतील.

पण जे उरतं ते सोपं नाही. टूल झिजत जातं, जॉबचं माप शतांश मिलिमीटरांनी सरकत जातं आणि कुणालातरी दर काही जॉबमागे मोजून ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलावा लागतो. टीप कधी बदलायची, ट्रे कसा मांडायचा, नव्या जॉबला ग्रिपरची बोटं कशी घासून घ्यायची, आवाज बदलला तर काय बिघडलंय, हे ठरवणारा माणूस लागतोच. चकचकीत मशीनसमोर आठ तास तेच तेच करणाऱ्या ऑपरेटरला हे शिकवलं जाणार की त्याला घरी पाठवून दुसरा आणला जाणार, हे रोबोट ठरवत नाही. मालक ठरवतो.

कुणी घेऊ नये?

वीस सेकंदांत संपणारा जॉब असेल तर गाड्यावरचा हात मागे पडेल. तिथे गँट्री लोडर, म्हणजे मशीनवरच आडव्या तुळईवर सरकणारा लोडर, हवा. गोल सळईतून कापून निघणारे छोटे जॉब असतील तर सळई आपोआप पुढे ढकलणारा बार फीडर पुरेसा आहे, तो साधा आहे आणि कमी बिघडतो. पेटीत कसेही पडलेले वेडेवाकडे कास्टिंग (साच्यात ओतून केलेले तुकडे) एकेक ओळखून उचलणं अजूनही अवघड. आधी कुणालातरी ते ट्रेमध्ये नीट मांडावे लागतात, मग तोच माणूस मशीनमध्ये का लावत नाही, हा प्रश्न उरतो. एकेकच जॉब निघणार असेल तर तो शिकवण्यातच वेळ जाईल.

आणि स्वतः चालणारा गाडा? ढकलायचा गाडा दिवसातून एक-दोनदा हलतो, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. तेवढी पाच मिनिटं वाचवायला नकाशे, स्कॅनर, बॅटरी आणि वाहतुकीचे नियम यांचा सगळा संसार मांडायचा का? तासभर चालणारे जॉब आणि त्यांची सात-आठ मशीनं एका हाताने फिरतीवर सांभाळायची असतील तर जरूर. नाहीतर ढकला.

यातलं काहीही ठरवण्याआधी एक वही घेऊन एका मशीनजवळ आठवडाभर नोंद ठेवता येते : स्पिंडल कधी थांबला आणि का. जॉब लावायला माणूस नव्हता, की टूल आलं नव्हतं, की ड्रॉइंगमध्ये शंका होती, की पहिला तुकडा तपासणीच्या टेबलावर दोन तास पडून होता. चाकांवरचा हात यातलं फक्त पहिलं कारण मिटवतो.